शब्दांचं वय

दर नव्या तुकडीच्या पहिल्या रविवारी प्रणिता एकच गोष्ट सांगायची, आणि शेवटच्या बाकावर बसलेली तिची आई ती पुन्हा एकदा ऐकायची.

"माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते," प्रणिता सांगायची. "इथंच, मिरजेत. माझी आई ज्या दवाखान्यात मावशी म्हणून काम करते, त्याच दवाखान्यात. डॉक्टर रोज यायचे, खाटेशी उभे राहून आपसात इंग्रजीत बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. वडील वाचत नाहीत, हे त्यांना अठरा दिवस आधी ठाऊक होतं. आई तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला एक अक्षर कळलं नाही. मी कवठेमहांकाळला आत्याकडे राहून पेपर देत होते. भूगोलाचा पेपर देऊन बाहेर आले, तर फाटकाशी काका उभे. म्हणून हा वर्ग आहे. दुसऱ्या कुणाच्या आईवर अशी वेळ येऊ नये, म्हणून."

मग सगळा वर्ग माना वळवून वैजयंता खाडेकडे बघायचा. नव्या बायका तर डोळ्याला पदर लावायच्या. वैजयंता त्या वेळी एक चेहरा करून बसायची. तो तिच्या कामाचा चेहरा होता.

तेवीस वर्षांपूर्वी ती वॉर्डात लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जुन्या गंगूमावशीनं तिला तो शिकवला होता. "डॉक्टर बोलले ते कळलं तरी कळलं नाही असं उभं राहायचं, बाई. एकदा का नातेवाइकांना वाटलं की हिला कळतं, की संडासापर्यंत मागं येतील. काय म्हणाले, काय म्हणाले! आणि आपण सांगितलं आणि चुकलं, तर?" तेव्हापासून वैजयंता चादरी बदलताना, बेडपॅन उचलताना, सलाइनची बाटली हातात धरून उभी असताना तोच चेहरा ठेवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. समोर आहे, पण कुणाचं काही ऐकत नाही. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरला, एकाही सिस्टरला शंका आली नव्हती. लेकीलाही नाही.

२०४१ साली खरं तर इंग्रजी शिकायची कुणाला फारशी गरज उरली नव्हती. कानात बसणारा दुभाषी आला होता. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, कानात मराठी ऐकू येणार. लोक त्याला पोपट म्हणायचे, आणि भाजीवालीपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांच्या कानात तो असायचा. पण पोपट अर्धा सेकंद मागं राहायचा. बाजारात अर्ध्या सेकंदानं काही बिघडत नाही. अतिदक्षता विभागात बिघडतं. तिथं पोपटाला बंदी होती, आणि नवा नियम असा झाला होता की तिथं काम करणाऱ्याला स्वतःच्या डोक्यानं इंग्रजी कळलं पाहिजे आणि तसा 'प्रौढ शालान्त इंग्रजी'चा दाखला पाहिजे. एरवी मावशांना त्याची फिकीर नसती. पण जूनपासून साध्या वॉर्डांत रुग्ण उचलायची, कूस बदलायची यंत्रं येणार होती. मावशा आणि मामा लोकांना जागा उरणार ती अतिदक्षता विभागातच. म्हणून नगरपालिकेच्या शाळेतला प्रणिताचा रविवारचा वर्ग या वर्षी बाकाला तीन-तीन माणसं बसून भरला होता.

वैजयंता मात्र तीन वर्षं येत होती. लेकीला बरं वाटावं म्हणून. वर्गात ती लेकीला 'बाई' म्हणायची, हळूहळू शिकायची, मुद्दाम चुकायची. प्रणिता शेजारी येऊन बसायची, आईचं बोट धरून ओळीवरून फिरवायची, "बघ, जमलं की नाही?" म्हणायची. त्या बोटासाठी वैजयंता आणखी दहा वर्षं मठ्ठ राहायला तयार होती.

टोपी आली ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी.

दिसायला ती पोहायच्या टोपीसारखी होती, आतून बारीक तारा लावलेली. प्रणितानं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "यंदापासून लेखी परीक्षा नाही. ही घालून बसायचं, ऐकायचं, बास. आता ऐका. मी सकाळी उठले, चूळ भरली आणि दोन कप डांबर प्यायले."

वर्ग हसला.

"हसलात. पण हसायच्या आधीच तुमच्या डोक्यात एक लाट उठून गेली. 'डांबर' कानावर पडल्यावर अर्ध्या सेकंदाच्याही आत. मेंदू सारखा पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधत असतो, आणि भलताच आला की दचकतो. हे वाक्य मी तमिळमध्ये बोलले असते, तर? लाट नाही. कारण भाषाच कळत नाही. ही टोपी ती लाट बघते. तुम्हाला उत्तर द्यावं लागत नाही. तुमचा मेंदू देतो."

"म्हणजे कॉपी बंद," इस्माइल मामा म्हणाले. इस्माइल मामा म्हणजे वैजयंताच्याच वॉर्डातले, स्ट्रेचर ढकलून ढकलून खांदा उतरलेले गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं. "आणि झोपेत शिकवणारे ते हेडफोनवाले क्लास, मॅडम? त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठीच तर दुसरी भानगड आहे. झोपेत भरलेले शब्द चार महिन्यांत उडून जातात. नवा शब्द मेंदूत आधी आतल्या एका छोट्या कोठीत राहतो. वापरला, पुन्हा ऐकला, की हळूहळू तो तिथून निघतो आणि बाहेरच्या भागात मुळं पसरतो. याला वर्षं लागतात. लाट कुठून उठली आणि किती लांब पसरली, त्यावरून टोपीला शब्दाचं वय कळतं. परीक्षा मंडळाला दोन वर्षांहून जुने, मुरलेले शब्द हवेत."

मग तिनं नमुना म्हणून इस्माइल मामांनाच बसवलं. दहा मिनिटांनी भिंतीवर तक्ता उमटला. उजवीकडे शब्द, डावीकडे वय. लिफ्ट, एकोणतीस वर्षं. डिस्चार्ज, अठ्ठावीस. डार्लिंग, एकोणचाळीस.

"एकोणचाळीस!" वर्ग ओरडला. "मामा, तेव्हा तर तुमचं लग्न झालं नव्हतं!"

"सिनेमा बघत होतो रे बाबांनो," मामा कान धरून म्हणाले. "घरी बोलू नका."

एका शब्दापुढे काळा ठिपका होता. जंप. वय बावीस वर्षं.

"हा कसला डाग?" मामांनी विचारलं.

"डाग नाही, ठसा आहे. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, धक्क्याची आणि भीतीची. एखादा शब्द धक्क्याच्या क्षणी आदळला, की ती त्यावर शिक्का मारते. तो मग एरवीच्या शब्दांसारखा राहत नाही. एकाच धक्क्यात आलेल्या शब्दांवर एकच शिक्का असतो, तेही टोपी ओळखते. बावीस वर्षांपूर्वी काय झालं होतं, मामा?"

मामांनी भिंतीवरच्या त्या ठिपक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "महापूर. मी सांगलीवाडीला सासऱ्यांच्या कौलावर होतो. लष्कराची बोट आली. त्या जवानाला मराठी येत नव्हतं. तो ओरडला, जंप. मी उडी मारली. सासरे नाही म्हणाले." त्यांनी टोपी काढली आणि नीट घडी घातल्यासारखी टेबलावर ठेवली. "आयला. हे यंत्र तर लईच खोलात जातं."

शेवटच्या बाकावर वैजयंता कामाचा चेहरा करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भडंग करायला बसली. लसूण ठेचता ठेचता, लेकीकडे न बघता म्हणाली, "मी नाही बसत गं परीक्षेला."

"का?"

"डोकं दुखेल त्या टोपीनं."

"आई, पंधरा मिनिटं असते ती. आणि जूनपासून काय करणार आहेस? घरी बसणार?"

"बसेन की. भडंग विकेन."

"मिरजेत भडंग विकणार, जिथं ते गल्लोगल्ली मिळतं! शेजारी सगळे वाटच बघत असतील." प्रणितानं कढईत चुरमुरे ओतले आणि परतायला लागली. मग हात थांबवून म्हणाली, "खरं सांगू? मी ह्या वर्गात आजवर एकशे चाळीस माणसं शिकवली. पण मी वर्ग काढला तो तुझ्यासाठी. तू पास झालीस की मला वाटेल, ते जे झालं ना बाबांचं, त्याला काहीतरी उत्तर दिलं आपण. तूच नाही बसलीस तर मी कुणासाठी करतेय हे?"

याला नाही कसं म्हणायचं? वैजयंतानं नाव घालू दिलं.

तिनं मनाशी एक हिशोब बांधला, आणि तो तिच्यासारख्या मुरलेल्या मावशीलाच सुचावा असा होता. तेवीस वर्षं डॉक्टर फसले, सिस्टर फसल्या, पदर धरून रडणारे नातेवाईक फसले. तोंडावरची रेघ हलली नाही. मग टोपी काय मोठी लागून गेली? तोच चेहरा आतून करायचा. लेकीनं तीन वर्षांत शिकवलेले शब्द तेवढे टोपीला द्यायचे, बाकीचे आले की चादरी मोजायच्या. पास होण्यापुरतं होऊन जाईल.

परीक्षेच्या रविवारी ती टोपी घालून बसली. कानात एका शांत बाईचा आवाज इंग्रजीत सुरू झाला. सफरचंद, शाळा, पाऊस. वैजयंतानं ते जाऊ दिले. मग आवाज म्हणाला, नर्सनं बाळाला आंघोळ घातली, दुपट्यात गुंडाळलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं.

तिनं चेहरा केला. आत चादरी मोजायला घेतल्या, एक, दोन, तीन. पण 'फ्रिज' हा शब्द येऊन आपटला होता आणि आत काहीतरी केव्हाच दचकून मोकळं झालं होतं. चादर पहिली उचलायच्या आधीच. तेव्हा तिला कळलं की चेहरा हा दाराला लावायचा पडदा आहे, आणि हे यंत्र दारानं येतच नाही.

त्यात टोपीची रीत अशी, की जिथं लाट मोठी तिथं ती आणखी खणणार. सफरचंदं संपली. वॉर्ड आला. रक्तदाब आला, लघवीची नळी आली, यकृत आलं, सूज आली. मग इतर शब्द आले, साधेच, रोजचे. त्यातल्या तीन शब्दांना वैजयंताच्या छातीत असं काही झालं, की चादरींचा आकडा कितीवर होता तेही आठवेना.

निकाल ज्या शिक्षकानं नाव घातलं त्याच्याकडे तासाभरात येतो. प्रणितानं आईला शाळेच्या कार्यालयात बोलावलं. ती उभीच होती, हातात कागद, आणि गालभर हसत होती.

"एक्याण्णव! आई, शंभरातले एक्याण्णव! आख्ख्या वर्गात पहिली! मला वाटलं यंत्र बिघडलं. अगं, तू तर सगळं वॉर्डातच शिकलीस की! ही बघ, ऑक्सिजन बावीस, फीवर एकवीस, आणि हे..."

ती थांबली. बोट कागदावर तसंच राहिलं.

तीन शब्दांपुढे काळे ठिपके होते. स्प्रेड. वीक्स. डॉटर. तिन्हींवर एकच शिक्का. वय सोळा वर्षं.

प्रणिता एकतीस वर्षांची होती. सोळा वजा केले की पंधरा, म्हणजे दहावीचं वर्ष, हे कळायला तिला वेळ लागला नाही.

"आई," ती म्हणाली.

वैजयंतानं चेहरा केला. सवयीनं. खरंच सवयीनं.

"तो चेहरा करू नको."

दारात पुढची परीक्षार्थी आली होती, मॅडम, आत येऊ का म्हणत होती. प्रणितानं कागद फाइलमध्ये घातला, फाइलची दोरी बांधली. "तोंडी परीक्षा पुढच्या रविवारी," ती आईकडे न बघता म्हणाली, जशी सगळ्यांना सांगत होती तशी.

तो आठवडा दोघी एका घरात राहिल्या. प्रणिता रागावली असती, भांडी आपटली असती, तर वैजयंताला सोपं गेलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. ती "गॅस बंद कर" म्हणायची, "किल्ली घेतलीस का?" म्हणायची. बुधवारी तिनं कपाटातली स्वतःची दहावीची गुणपत्रिका काढली, बराच वेळ बघितली आणि परत ठेवली. वैजयंता दोनदा बोलायला गेली. दोन्ही वेळा प्रणिता म्हणाली, "आत्ता नको."

तोंडी परीक्षा मात्र अजून माणसानंच घ्यायची होती. वीस गुण. शिक्षकानं एक प्रश्न विचारायचा, परीक्षार्थीनं चार मिनिटं इंग्रजीत बोलायचं, त्याचं ध्वनिमुद्रण मंडळाला पाठवायचं. यात नापास तर टोपीतले एक्याण्णव पाण्यात. आणि वैजयंताला सगळं कळत असलं तरी ती आजवर इंग्रजीत एक आख्खं वाक्य मोठ्यानं बोललेली नव्हती. बोलणार कुणाशी? कळत नसलेल्या बाईला कोण बोलायला लावतं?

रविवारी दुपारी ती कार्यालयात लेकीसमोर बसली. मध्ये टेबल, टेबलावर मुद्रणयंत्र. त्याचा लाल दिवा लागला. प्रणितानं मंडळाचं कार्ड उचललं. त्यावर छापलं होतं, आठवणीतल्या एका दिवसाबद्दल सांगा. तिनं तो प्रश्न वाचला. मग कार्ड पालथं ठेवलं आणि इंग्रजीतच पुढं म्हणाली, "ज्या दिवशी डॉक्टर बोलले, त्या दिवसाबद्दल सांगा."

वैजयंतानं तोंड उघडलं. आपला इंग्रजीतला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तो बारीक होता, एखाद्या पोरीचा असावा तसा.

"द डॉक्टर स्टँड हिअर," ती म्हणाली, आणि हातानं जागा दाखवली. "आय स्टँड हिअर. माय हँड, बेडपॅन." ती थांबली. प्रणितानं दुरुस्त केलं नाही. एरवी केलं असतं. "ही सेड, इट हॅज स्प्रेड. ही सेड, थ्री वीक्स. ही आस्क सिस्टर, चिल्ड्रन? सिस्टर सेड, वन डॉटर. ही सेड, कॉल द डॉटर."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी धडे घोकत होतं. इस्माइल मामांचा आवाज.

"अँड?" प्रणितानं विचारलं.

"आय अंडरस्टँड." वैजयंतानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आय डिड नॉट कॉल."

यंत्राच्या पडद्यावर चार मिनिटं पूर्ण झाली. मग प्रणितानं मराठीत विचारलं, "माझ्या पेपरांसाठी?"

हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं वैजयंतानं स्वतःलाही तेच सांगितलं होतं. "पेपरांचं मी मागाहून जोडलं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझे पेपर डोक्यातही नव्हते. डॉक्टर गेले आणि तुझ्या बाबांनी विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, इंग्रजीत बोलले, कळलं नाही. ते म्हणाले, बरं. मला वाटलं, कळलं म्हटलं की ते खरं होऊन बसेल. कळलं नाही म्हणेपर्यंत वेळ आहे. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. तुला बोलावलं असतं, तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं."

"आणि नंतर? मला? सोळा वर्षं?"

"तू काकांच्या खांद्यावर रडत म्हणालीस, आईला इंग्रजी कळत नाही ना. मी गप्प बसले. मग तू त्यावर शिकलीस, मास्तरीण झालीस, वर्ग काढलास. कुठल्या दिवशी सांगायचं होतं मी?"

प्रणिता खिडकीकडे बघत होती. तिचा आवाज आता मॅडमचा नव्हता. "बाबांनी माझं नाव घेतलं होतं?"

वैजयंताला इथंही एक चेहरा करता आला असता. तिनं केला नाही.

"एकदा म्हणाले, तिला बोलाव. पहिल्या आठवड्यात. मी म्हटलं, पेपर झाले की येईल. मग परत बोलाव म्हणाले नाहीत. रोज सकाळी विचारायचे, आज कुठला पेपर? मी सांगायचे. मग दिवसभर मधूनच म्हणायचे, आता सुटली असेल. कारखान्यात तंबोऱ्याला पॉलिश करताना हात फिरवायचे ना, तसा चादरीवर हात फिरवत बसायचे आणि म्हणायचे, विज्ञान सोपं जाईल तिला, गणिताची काळजी वाटते. शेवटच्या चार दिवसांत त्यांनी डॉक्टर काय म्हणाले हे विचारणं सोडलं. पेपर मात्र विचारत होते. भूगोलाच्या आदल्या दिवशी म्हणाले, उद्या संपले गं तिचे."

प्रणितानं दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. वैजयंता उठली नाही. उठून जवळ जायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. ती बसून राहिली आणि लेकीचे खांदे हलायचे थांबेपर्यंत बघत राहिली. या वेळी तिच्या तोंडावर जे काही होतं ते होतं.

मग प्रणितानं ओढणीनं नाक पुसलं, गुणांचा कागद पुढं ओढला आणि लिहायला लागली. उच्चार, दोन. ओघ, दोन. व्याकरण, एक. आशय, या आठ गुणांच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं, मग तिथं तिनं होते तेवढे सगळे गुण दिले. बेरीज केली. तेरा. पास व्हायला बारा लागत होते.

"जास्त दिले नाहीत मी," ती म्हणाली.

"दिसतंय."

"मी अजून रागावलेय तुझ्यावर. खूप दिवस रागावलेली असणार आहे. तू मध्ये मध्ये बोलू नको, मनवू नको."

"बरं."

प्रणितानं मुद्रणयंत्र थांबवलं. पडद्यावर आकडा होता, अकरा मिनिटं. तिनं ते मागं नेलं, चौथ्या मिनिटाशी एक रेघ मारली आणि पहिला तुकडा मंडळाच्या नावानं पाठवून दिला. उरलेला तुकडा तिनं स्वतःच्या फोनवर उतरवून घेतला. तिथं बोट क्षणभर थांबलं आणि फाइलला काय नाव द्यावं हे न सुचून तिनं तशीच बिननावाची ठेवली.

"चार मिनिटं मंडळाला लागतात," ती म्हणाली. "बाकीचं माझं."

वैजयंतानं मान हलवली. पिशवी उचलली आणि दाराशी गेली. कडीला हात घातला तेव्हा मागून आवाज आला.

"आई. एकटी जाऊ नको. बाहेर बाकावर बस. मामांची परीक्षा झाली की निघू."